पुढें जाण्याची रीत



आपल्या मराठींत 'चाकोरी' म्हणून एक शब्द आहे. आज आपण तो माणसाच्या ठरीव जीवनक्रमाला लावतों. चाकोरींतला माणूस, चाकोरीबाहेरचा विचार, असें सहज बोलून जातों. परंतु मुळांत चाकोरी म्हणजे मातीच्या वाटेवर गाड्यांच्या चाकांनीं पाडलेले दोन खोल चर. पावसाळा संपून चिखल वाळला, कीं हे चर दगडासारखे कठीण होत, आणि मग पुढच्या पावसापर्यंत प्रत्येक गाडीला त्यांतूनच जावें लागे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील झाडीपट्टींत, म्हणजे अलीकडे वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आणि पलीकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या मुलुखांत, ज्यांनीं अशा वाटेनें प्रवास केला आहे त्यांना तिची एक अडचण चांगली ठाऊक असेल. चाकोरी एक, आणि गाड्या दोन. समोरून दुसरी गाडी आली, किंवा मागच्या गाडीची जोडी अधिक तेज निघाली, म्हणजे कोणी तरी चाकोरी सोडून बाजूच्या झुडुपांत उतरणें भाग पडे. तें कोणीं उतरावें?

या प्रश्नाचें उत्तर सरकारी पुस्तकांत शोधावें लागत नसे. तें धुरकऱ्यांच्या तोंडीं होतें. भरल्या गाडीला रिकाम्या गाडीनें वाट द्यावी. चढ चढणाऱ्या बैलांना उतारावरच्या गाडीनें थांबून वाट द्यावी, कारण चढणीवर एकदां थांबलेलें ओझें पुन्हां हालविणें बैलांच्या जिवावर येतें. मागून येणाऱ्याला पुढें जावयाचें असेल, तर त्यानें हांक घालावी. पुढच्यानें ती ऐकून, सपाट व मोकळी जागा दिसतांच आपली जोडी कडेला घ्यावी. आणि तोंवर मागच्यानें धीर धरावा. बैलांच्या गळ्यांतील घुंगरमाळा वळणापलीकडच्या गाडीची वर्दी देत, आणि रात्रीं आंसाखालीं टांगलेला कंदील पुढची गाडी कोठें आहे तें मागच्याला दाखवी. या रीतीच्या मुळाशीं केवळ सौजन्य होतें असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. आज ज्याला आपण झुडुपांत ढकलूं, तोच उद्यां नाल्याच्या वाळूंत आपली गाडी रुतली असतां चाकाला खांदा द्यावयास येणार आहे, हें प्रत्येक धुरकरी ओळखून असे. पुष्कळ शिष्टाचार अशा परस्परांच्या गरजेंतूनच जन्माला आलेले आहेत.

पुढें काळ पालटला. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. मातीच्या वाटांच्या जागीं डांबरी रस्ते आले. आज वडशाहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असें करीत थेट सिरोंच्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. मूलकडून गडचिरोलीवरून धानोऱ्याकडे जाणारा दुसरा आहे. जिल्ह्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अरण्यानें व्यापलेला असल्यामुळें या रस्त्यांचा मोठा हिस्सा साग, मोह आणि बांबू यांच्या गर्दीतून जातो. पुष्कळ ठिकाणीं वळणापलीकडचें कांहींच दिसत नाहीं. आणि या रस्त्यांवर चालतें काय काय, तें पाहावें. धानाच्या पोत्यांनीं लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत, उन्हाळ्यांत तेंदूपानांचे ट्रक आहेत, गेल्या कांहीं वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजानें भरलेले अजस्र ट्रक फार वाढले आहेत, एस्. टी.ची बस आहे. शाळेला सायकलवर निघालेल्या मुली आहेत. सायंकाळीं रानांतून परतणारी गुरें आहेत. आणि या सर्वांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली आहेत. चाकोरी रुंद झाली, काळी झाली, गुळगुळीत झाली. परंतु जुना प्रश्न आहे तेथेंच आहे. एकाला हळू जावयाचें आहे, दुसऱ्याला लौकर जावयाचें आहे, आणि वाट एकच आहे. ज्याला हल्लीं सर्रास 'ओव्हरटेक करणें' म्हणतात, तें करावें कसें?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्यानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका सालांत देशांतील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसें प्राणांस मुकलीं. म्हणजे रोज साडेचारशेंहून अधिक. हीं सर्वच माणसें पुढें जाण्याच्या घाईचे बळी होतीं, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु अरुंद दुपदरी रस्त्यावर समोरासमोर टक्कर होते ती पुष्कळदां एवढ्याचसाठीं होते, कीं कोणाला तरी आपल्या पुढच्याला मागें टाकावयाचें होतें.

आतां थोडें गणित करूं. तें शाळेंतल्या पांचवी-सहावीच्या मुलालाहि सुटेल असें आहे. एक ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगानें चालला आहे. त्याच्या मागून एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगानें येऊन त्याला ओलांडूं पाहते. ट्रकाची लांबी, मोटारीची लांबी, आणि आधींचें व नंतरचें सुरक्षित अंतर मिळून मोटारीला ट्रकापेक्षां सुमारें ४५ मीटर अधिक चालावें लागेल. दोघांच्या वेगांतील फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपांच मीटरांहून किंचित् अधिक. तेव्हां या कामाला सुमारें आठ सेकंद लागणार. आठ सेकंदांत मोटार सुमारें १३५ मीटर पुढें जाते. आणि समोरून तितक्याच वेगानें दुसरी गाडी येत असेल, तर तीहि १३५ मीटर जवळ येते. म्हणजे जवळजवळ २७० मीटर रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसत असल्याखेरीज उजवीकडे निघणें हा जुगार आहे. आलापल्लीच्या रानांत एवढा सरळ रस्ता पावलोपावलीं दिसत नाहीं, हें सांगावयास नकोच.

पण गणिताचा खरा बोध पुढेंच आहे. समजा, मोटार शेजारीं आलेली पाहून ट्रकवाल्याच्या मनांत ईर्षा उत्पन्न झाली, आणि त्यानें आपला वेग ४० वरून ५० वर नेला. वेगांतील फरक आतां निम्मा राहिला. म्हणून वेळ दुप्पट, सोळा सेकंद लागणार. आणि मोकळा रस्ता २७० च्या जागीं ५४० मीटर हवा. उलट, त्याच ट्रकवाल्यानें समजूतदारपणें वेग ४० वरून ३० वर आणला, तर काम साडेपांच सेकंदांत उरकतें आणि १८० मीटर रस्ता पुरतो. रस्ता तोच, मोटार तीच, तिचा वेगहि तोच. एकीकडे १८० मीटर आणि दुसरीकडे ५४० मीटर. हा सारा फरक पुढच्या मनुष्याच्या मनांतला आहे. पुढें जाणें ही मागच्या गाडीच्या यंत्राची करामत आहे, असें आपण समजतों. वास्तविक तें मोठ्या अंशानें पुढच्यानें केलेलें दान आहे.

आतां कोणी म्हणेल, कीं हा जमानाच शर्यतीचा. तरुणांच्या अंगांत वेग आहे, तो शिष्टाचार कसा पाळील? झाडीपट्टीला तर शर्यत नवी नाहीं. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली, कीं गांवोगांव मंडई भरते, दिवसा शंकरपट आणि रात्रीं नाटक असा थाट होतो. सर्वोच्च न्यायालयानें मे २०१४ मध्यें बैलांच्या शर्यतींना बंदी केली होती. डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांना अटींवर पुन्हां परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं राज्याचा कायदा त्या न्यायालयानें वैध ठरविला. तेव्हांपासून पट पुन्हां रंगूं लागले आहेत. परंतु पटाच्या मैदानांतील व्यवस्था नीट पाहावी. जेथें दोन जोड्या एका वेळीं सोडतात, तेथें प्रत्येकीची धांव निराळी आंखलेली असते. एकीनें दुसरीच्या पुढ्यांत घुसावयाचें नसतें. जिंकावयाचें तें आपल्या धांवेवर धांवून. प्रेक्षक कितीहि आरोळ्या देवोत, ही मर्यादा सुटली तर पट मोडतो. शर्यत म्हणजे बेबंदपणा, ही समजूत शर्यत न पाहिलेल्याची आहे.

मोटारींच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. मोटारी वेगानें पळविण्यासाठीं मुद्दाम बांधलेले मार्ग, ज्यांना 'ट्रॅक' म्हणतात, ते जगांत शंभराहून अधिक वर्षें आहेत. इंग्लंडांतील ब्रुकलंड्सचा ट्रॅक १९०७ सालीं उघडला. जर्मनींत न्यूरबुर्ग येथें डोंगरांतून जाणारा, आज सुमारें २१ किलोमीटरांचा असलेला ट्रॅक १९२७ सालीं तयार झाला. आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें, कोइमतुर येथें, आणि २०११ पासून दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें असे ट्रॅक आहेत. पट्टीच्या स्पर्धकांच्या शर्यती तेथें होतातच. पण कांहीं दिवस सामान्य हौशी माणसांसाठींहि राखून ठेवतात. स्वतःची मोटार घेऊन यावें, शुल्क भरावें, आणि पोटभर वेगानें चालवून घ्यावी. त्या दिवशीं बक्षीस नसतें, पहिला-दुसरा नंबर नसतो. नवशिका आणि मुरलेला असे निरनिराळे गट पाडतात. आणि गाडी मार्गावर नेण्यापूर्वीं सर्वांना एकत्र बसवून नियम समजावून सांगतात.

त्या नियमांत सर्वांत अधिक भर कशावर असतो? वेगावर नव्हे; एकानें दुसऱ्याला ओलांडण्याच्या रीतीवर. नवशिक्यांच्या गटांत सामान्यतः असा दंडक असतो, कीं ओलांडणें तें सरळ भागावरच. वळणावर मुळींच नाहीं. आणि सरळ भागावरसुद्धां पुढच्या चालकानें हात बाहेर काढून, अमुक बाजूनें जा, अशी खूण केल्याशिवाय नाहीं. मागें दोन गाड्या असल्या, तर एका खुणेवर एकच जाणार. दुसरीसाठीं दुसरी खूण. खूण केल्यावर पुढच्यानें वेगाचें पायटें किंचित् सैल सोडावयाचें, म्हणजे मागचा झटकन निघून जातो. पण त्यानें आपली रेषा सोडावयाची नाहीं. सौजन्याच्या भरांत एकाएकीं बाजूला वळणें हें अडवणुकीइतकेंच घातक समजतात, कारण मागचा त्याच्या सरळ चालण्याच्या भरंवशावर निघालेला असतो. मागच्यानें अगदीं पाठीला चिकटून पुढच्याला घाबरवावयाचें नाहीं. टक्कर टाळण्याची मुख्य जबाबदारी ओलांडणाऱ्याची. आणि पुढें गेल्यावर हात वर करून आभार मानावे, अशी प्रथा आहे.

मार्गाच्या कडेला ठिकठिकाणीं निशाणें घेतलेले पहारेकरी उभे असतात. निळें निशाण दाखविलें, कीं पुढच्यानें समजावें, मागून अधिक वेगवान गाडी येत आहे, आरशांत पाहावें. पिवळें निशाण दिसलें, कीं पुढें धोका आहे, कोणीं कोणाला ओलांडूं नये. लाल निशाण दिसलें, कीं खेळ थांबला. न्यूरबुर्गच्या मार्गावर लोकांसाठीं खुल्या असलेल्या वेळीं तर नेहमींच्या रस्त्याचा कायदाच लागू असतो. त्या देशांत गाड्या उजव्या बाजूनें चालतात. म्हणून हळू जाणाऱ्यानें उजवी कड धरावी आणि ओलांडणाऱ्यानें डावीकडूनच जावें. हा मार्ग एकेरी आहे, समोरून कोणी येत नाहीं, बैल नाहीं, सायकल नाहीं. तरी इतके नियम. आणि आपला रस्ता दुहेरी आहे, वळणावळणाचा आहे, त्यावर निशाण घेऊन कोणी उभा नाहीं. तेथें मात्र आपण हें सारें अनावश्यक समजतों. ज्यांना वेगाची खरी ओळख आहे, ते परवानगीवांचून पुढें जात नाहींत. ज्यांना ती नाहीं, ते वळणावर जातात.

ही परकी शिस्त आपल्या गळीं कशाला, असेंहि म्हणण्यास जागा नाहीं. ती आपल्याकडे पूर्वींपासून होती. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत चालकाच्या हाताच्या खुणा दिल्या होत्या. त्यांतील एक अशी होती : मागच्यानें पुढें जावें अशी इच्छा असेल, तर उजवा हात गाडीबाहेर आडवा लांबवावा आणि तो मागून पुढें अर्धवर्तुळाकार हालवावा. ट्रॅकवरील हौशी चालक करतात ती खूण याच कुळांतली आहे. २०१७ सालीं त्या नियमांच्या जागीं नवे नियम आले. परंतु मुख्य तत्त्वें तींच राहिलीं. ओलांडावें तें उजवीकडून. पुढचें स्वच्छ दिसत नसेल तेथें ओलांडूं नये. ज्याला ओलांडलें जात आहे त्यानें वेग वाढवूं नये, अडवूं नये. चढाच्या अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्यानें चढणाऱ्याला वाट द्यावी. हा शेवटचा नियम धुरकऱ्यांचाच नव्हे काय? आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा रीतीनें ओलांडणें हें धोकादायक वाहन चालविण्याच्या गुन्ह्यांतच स्पष्टपणें गणलें जातें.

आपल्या ट्रकांच्या पाठीवर तर हा शिष्टाचार रंगवून लिहिलेला असे. 'हॉर्न प्लीज'. कृपा करून आवाज द्या. आरसे जेव्हां अपुरे होते आणि ट्रकाच्या गडगडाटांत मागचें कांहीं कळत नसे, तेव्हां हा मजकूर म्हणजे जुन्या धुरकऱ्याच्या हांकेचेंच नवें रूप होतें : जावयाचें असेल तर विचारा, मी वाट देईन. पुढें त्या विनंतीचा विसर पडून केवळ आवाज तेवढा उरला. गांवांतून, शाळेपुढून, दवाखान्यापुढून कर्णे वाजूं लागले. आणि २०१५ सालीं महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानें हा मजकूर वाहनांवर लिहिण्यास मनाई केली. मनाई योग्यच होती. परंतु मजकुरांतील जो 'कृपा करून' हा भाग होता, तो पुसण्याची कांहीं गरज नव्हती. रात्रींसाठीं दुसरा मजकूर असे, 'डिपर वापरा'. दिव्याचा झोत क्षणभर खालीं-वर करून मागचा आपली इच्छा कळवितो, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत न टाकणें ही तर साधी माणुसकी आहे.

येथें एका घोटाळ्याविषयीं सावध करणें आवश्यक आहे. पुष्कळ ट्रकचालक मागच्याला 'ये' म्हणून सांगण्यासाठीं उजवा चमकता दिवा लावतात. परंतु कायद्याप्रमाणें उजव्या दिव्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळत आहें' असा आहे. एकच दिवा, एक अर्थ आमंत्रणाचा, दुसरा मृत्यूचा. पुढच्यानें आपला दिवा उपकार म्हणून लावला, कीं वळण्यासाठीं लावला, हें मागच्याला कसें कळावें? म्हणून मागच्यानें अशा दिव्यावर विसंबून कधींहि निघूं नये. आपल्या डोळ्यांनीं रस्ता पाहावा आणि पुढचा खरोखरच डावीकडे सरकून हळू होत आहे, एवढें पाहूनच जावें. आणि पुढच्यानेंहि हा दुहेरी अर्थाचा उपकार टाळावा. वाट द्यावयाची तर डावी कड धरावी, वेग कमी करावा. यापरतें स्पष्ट बोलणें नाहीं. पुढच्याची खूण ही परवानगी आहे, हमी नव्हे, हें ट्रॅकवरहि शिकवितात.

याच जोडीनें आणखी दोन-तीन गोष्टी आपल्या रस्त्यांपुरत्या सांगण्याजोग्या आहेत. पहिली ट्रकांच्या रांगेविषयीं. चार-पांच भरलेले ट्रक एकमेकांना चिकटून चालले, म्हणजे लहान गाडीला एकाला ओलांडून मध्यें शिरावयास जागा राहत नाहीं. सर्वांना एका दमांत ओलांडण्याचा मोह होतो, आणि तेवढा सरळ रस्ता या रानांत क्वचितच मिळतो. म्हणून मोठ्यांनीं आपसांत एका लहान गाडीपुरतें, किंबहुना त्याहून अधिक, अंतर राखून चालावें. त्यांत त्यांचें कांहीं जात नाहीं आणि दुसऱ्याचा जीव वांचतो.

दुसरी गोष्ट मोटारसायकलवाल्यांची. उजवीकडे जागा नाहीं असें पाहून ते डावीकडून घुसतात. ट्रकाच्या डाव्या कुशीला जें असतें तें उंच बसलेल्या चालकाला फारसें दिसत नाहीं. त्यानें खड्डा चुकवावयास किंवा सायकलवालीला जागा द्यावयास चाक किंचित् वळविलें, कीं डावीकडे घुसलेल्याला पळावयास वाट नाहीं. पुढचा उजवीकडे वळत असल्याखेरीज डावीकडून जाण्याची मुभा कायदा देत नाहीं, ती उगीच नव्हे.

तिसरी गोष्ट धानाच्या ट्रॉलीची. तिच्या पाठीला दिवा नसतो, आणि अंधारांत ती एखाद्या भिंतीसारखी पुढें उभी राहते. जुन्या गाडीवानानें आंसाखालीं कंदील टांगावा आणि नव्या ट्रॅक्टरवाल्यानें लाल चकत्यासुद्धां लावूं नयेत, ही प्रगती म्हणावी काय? मागच्यानें धीर धरावा असें आपण म्हणतों. पण धीर धरावयास पुढें कोणी आहे, हें तरी त्याला दिसलें पाहिजे.

वाट देण्याचा हा धर्म केवळ माणसामाणसांतला नाहीं, याची आठवण अलीकडेच विदर्भाला झाली. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आणि तिचे बछडे रस्ता ओलांडीत असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं त्यांना दोन्ही बाजूंनीं अडविलें. प्रत्येकाला पुढें यावयाचें होतें, कोणालाच मागें सरावयाचें नव्हतें. संबंधित चालकांवर व वाटाड्यांवर कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन त्या प्रकाराची दखल घेतली. ताडोब्यापासून भामरागडापर्यंतच्या रानांतून जाणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें, कीं पुढची गाडी रानांत एकाएकीं मंदावली, तर ती आळसानें मंदावली असें समजूं नये. तिच्यापुढें चितळांचा कळप असेल, एखादें वासरूं असेल, पाटी-दप्तर घेतलेलें पोर असेल. पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याला फक्त पुढची गाडी दिसते. ज्याला अधिक दिसतें त्याच्या चालीचा मान राखणें, यांत कमीपणा कोठला?

आतां शेवटीं एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. हिवाळ्याचे दिवस आहेत. एखाद्या गांवचा पट संपला आहे. सूर्य मावळला, धुळीचा पडदा अजून खालीं बसला नाहीं, आणि चार कोसांवरच्या गांवीं रात्रीं नाटक आहे. एका मोटारसायकलवर तिघे तरुण निघाले आहेत. जिंकलेल्या जोडीची नशा अद्याप त्यांच्या डोक्यांत आहे. पुढें एक भरलेला ट्रक संथपणें चालला आहे. नाटकाची पहिली घंटा चुकेल, म्हणून चालविणारा उतावळा झाला आहे. पुढें वळण आहे. ट्रकाच्या उजव्या अंगानें तो डोकावतो. वळणापलीकडून उजेड येत आहे काय, हें त्याला नीट समजत नाहीं. या क्षणीं दोघांच्या हातीं तिघांचे प्राण आहेत, कदाचित् समोरून येणाऱ्यांचेहि. ट्रकवाल्यानें ईर्षा केली, तर पुढची कथा सांगण्यासारखी नाहीं. परंतु समजा, ट्रकवाल्यानें आरशांत तो दिवा पाहिला. वळण संपेपर्यंत त्यानें मधली जागा सोडली नाहीं. वळण संपून रस्ता सरळ झाला आणि दूरवर काळोख स्वच्छ दिसला, तेव्हां डावी कड धरून त्यानें वेग उतरविला. आणि समजा, त्या तरुणानेंहि तोंवर दम धरला, मग उजवीकडून बेताच्या वेगानें पुढें निघून ट्रकापुढें पुरेसें अंतर घेऊन तो आपल्या कडेला आला, आणि मागें बसलेल्यानें हात उंच करून ट्रकवाल्याला रामराम केला.

यांत त्यांचा वेळ किती गेला? फार तर अर्धें मिनिट. नाटकाची नांदीसुद्धां चुकली नसेल. त्या ट्रकवाल्याचें नांव त्यांना ठाऊक नाहीं. त्यांचें नांव त्याला ठाऊक नाहीं. पुन्हां भेट होण्याचा संभवहि थोडाच. जुन्या चाकोरीवर वाट देणारा निदान शेजारच्या गांवचा असे, आणि उद्यां त्याच्या खांद्याची गरज लागे. आज रस्ता अनोळखी माणसांचा झाला आहे. म्हणूनच आज ही रीत अधिक कसोशीनें पाळली पाहिजे, कारण ओळखीचा आधार आतां तिच्यामागें उरलेला नाहीं. जो वाट देतो तो कांहीं हरत नाहीं, आणि ज्याला वाट मिळाली त्यानें कांहीं जिंकलेलें नसतें. दोघेहि आपापल्या घरीं पोंचतात. आणि त्या रात्रीं नाटकाच्या मंडपांत, घरून निघतांना आईनें मोजून पाठविलेलीं तीन पोरें शेजारीं शेजारीं बसून पडदा उघडण्याची वाट पाहत असतात.